अक्का, मी धुळं का म्हटलं

अक्का, परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारासमोरच्या मंडपात जागा पुरली नाही, लोक रस्त्यापर्यंत उभे होते. त्रिसरण, पंचशील झाल्यावर एकेक जण उठून बोलत होता आणि सगळे एकच सांगत होते. बाईंनी आम्हाला अमुक दवाखान्यात पाठवलं म्हणून माझी सून वाचली. बाईंनी तिथून काढून तमुक ठिकाणी न्यायला लावलं म्हणून माझा पाय राहिला. शेवटी मला बोलायला सांगितलं. मी उठले, माईक हातात घेतला, 'जयभीम' म्हटलं आणि परत खाली बसले. तीस वर्षं वर्गात बोलतेय मी, पण तिथं मला एक वाक्य जुळवता आलं नाही. सगळ्यांना वाटलं, बहीण गेली, भरून आलं असेल. तसं ते नव्हतं गं. त्या मंडपात अशी मी एकटीच होते, जिनं तुला कुठं न्यायचं ते ठरवलं होतं, आणि तू परत आली नाहीस.

तुझ्याशी घरात मी अहिराणीच बोलायचे, पण लिहायला बसले की शाळेतलीच मराठी येते. मोठी बाई झालीस म्हणत तू हसली असतीस. "बाई व्हयनी मोठी," म्हणाली असतीस.

आपलं पारोळा असं गाव आहे की आजारी पडलेल्या माणसाला रस्त्यावर येऊन आधी दिशा ठरवावी लागते. हायवेच्या एका बाजूला धुळं, दुसऱ्या बाजूला जळगाव. दोन्हीकडे दवाखान्यांची कमी नाही, पण गेल्या काही वर्षांत दोनच नावं लोकांच्या तोंडी आहेत. जळगावचं ते काचेचं उंच हॉस्पिटल आणि धुळ्याचं ट्रस्टचं. एका रविवारी काचेवाल्यांचं मोफत तपासणी शिबिर, तर पुढच्या रविवारी त्याच मंगल कार्यालयात ट्रस्टवाल्यांचं. दोघांच्या अ‍ॅम्ब्युलन्स हायवेवरच्या एकाच ढाब्याजवळ उभ्या असायच्या आणि दोघांचे ड्रायव्हर एकाच बाकावर चहा प्यायचे. दिवाळीला दोघांची माणसं तुला कॅलेंडर द्यायला घरी यायची, कारण तू शब्द टाकलास की पेशंट तिकडे जातो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तू दोन्ही कॅलेंडरं हसतमुखानं घेतलीस आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मला पहिलीचे तक्ते करायला दिलीस.

रिटायर झाल्यावर माणसं आराम करतात. तुझा ओटा मात्र सकाळपासून भरलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन कुणीतरी बसलेलंच. "बाई, कोठे जाऊ? जळगाव का धुळं?" तू आधी फाइल बघायची नाहीस, माणसाला बघायचीस. "बठ्ठं सांग माले, सगळं, घाबरू नको." मग तुझे तीन प्रश्न ठरलेले. भूल कोण देतो? रक्त लागलं तर किती लांबून आणावं लागतं? आणि मोठा डॉक्टर संध्याकाळी दवाखान्यातच असतो की घरी जातो? डॉक्टरचं नाव किती मोठं, इमारत किती मजल्यांची, यातलं काही तू विचारायची नाहीस. मी आतून भाजी चिरत ऐकायचे आणि मला वाटायचं, हिला सगळं कळतं.

माझे मिस्टर गेले आणि मी तुझ्याकडे आले, त्यालाही आता बारा वर्षं झाली. आठ दिवसांसाठी आले होते. बॅग कधी परत भरलीच नाही. तू लग्न केलं नव्हतंस, खेड्याखेड्यांतल्या उपकेंद्रांत आयुष्य घातलंस, आणि कधी नव्हे ते तुला घरात कुणीतरी हुकूम सोडायला मिळालं. चहात साखर किती, कुठली साडी नेसायची, शाळेत छत्री न्यायची की नाही, सगळं तू ठरवायचीस. मी कुरकुर करायचे, पण खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. मला ठरवता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत होतं. जत्रेत पाळण्यात बसायचं की भेळ खायची यावर मी रडायचे आणि तू माझा हात धरून सरळ पाळण्याकडे चालू लागायचीस.

दिवाळीनंतर एका सकाळी तू उन्हात केस वाळवत बसली होतीस आणि मला तुझे डोळे पिवळे दिसले. मी म्हटलं तर म्हणालीस, "ऊन पडलंय तोंडावर." चाळीस वर्षं नर्स होतीस तू. तुला माझ्याआधी कळलं असणार. दोन दिवसांनी अंगाला खाज सुटली, जेवण सुटलं, आणि मग तूच म्हणालीस, सोनोग्राफी करून येऊ. पारोळ्याच्या डॉक्टरनं पडद्याकडे बघत तोंड बारीक केलं. "बाई, पित्ताची नळी फुगलीय. खाली काहीतरी अडकलंय. मोठ्या ठिकाणी दाखवा."

मी आपल्या नानाला फोन केला. नाना म्हणजे आपल्या दोघींच्या मधला, जळगावला पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याची स्वतःची बायपास त्या काचेच्या हॉस्पिटलात झालेली, त्यामुळे त्याच्या लेखी दुसरं हॉस्पिटल जगात नाहीच. "विचार काय करायचा? सरळ घेऊन ये," म्हणाला. आपण गेलो. चकचकीत फरशी, खाली कॉफीचं दुकान, आणि प्रत्येक टेबलावर हसणारी मुलगी. सीटी स्कॅन झाला. डॉक्टर तरुण होता, पण उर्मट नव्हता. त्यानं कागदावर पोट काढलं, स्वादुपिंड काढलं, त्याच्या डोक्याशी एक गोल काढला आणि पेनानं तो गोल गडद करत म्हणाला, "ही गाठ आहे. कॅन्सरची असण्याची शक्यता जास्त वाटते. दहा दिवसांच्या आत ऑपरेशन करायला हवं. ऑपरेशन मोठं आहे, पण आत्ता केलं तर संधी आहे."

तू विचारलंस, "भूल कोण देणार?"

तो हसला. "मावशी, नर्स होतात ना तुम्ही?"

"हो. म्हणून विचारते."

त्यानं नीट उत्तर दिलं. तुझं वय, तुझी साखर, टेबलवर काय काय होऊ शकतं, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला तो आवडला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन. "मॅडम, पेशंटसाठी बेड धरून ठेवलाय." तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच दिवशी शेजारचे रशीदभाई आले. त्यांची दोन्ही मुलं तुझ्या हातची, तुला ते सख्खी बहीण मानायचे. म्हणाले, "अक्का, अम्मीला असाच कावीळ झाला होता. धुळ्याच्या ट्रस्टमध्ये नळी टाकली, पंधरा दिवसांत उतरला. कापाकापी करायच्या आधी एकदा तिथं दाखवा. गाडी माझी आहेच." तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, दाखवू.

धुळ्याचे डॉक्टर साठीचे, जाड चष्म्याचे. जळगावची सीडी त्यांनी हातात घेतली आणि तशीच टेबलावर ठेवली. "आमच्याकडे पुन्हा काढू." नाना सोबत होता, तो तिथंच तापला. "का? ते मशीन काय खोटं आहे?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "खोटं नाही हो. पण मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय." पुन्हा फोटो निघाले. मग ते म्हणाले, "गाठ असेलही. नुसती सूजही असू शकते. आत्ता इतकी कावीळ असताना एवढं मोठं ऑपरेशन मी करणार नाही. आधी नळी टाकून पित्ताला वाट करून देऊ, तुकडा तपासायला पाठवू, मग बघू. घाई करू नका."

एक म्हणतो दहा दिवसांच्या आत, दुसरा म्हणतो घाई करू नका. एकाच पोटाचे दोन फोटो, दोन्ही माझ्या मांडीवर. परतीच्या वाटेवर मी ते उजेडात धरून बघत होते, जसं काही मला त्यातलं कळणार होतं.

रविवारी नाना घरी आला. आल्या आल्या फायली टेबलावर आपटल्या. "हे ट्रस्टवाले वेळ काढतायत. गाठ वाढली की म्हणतील, आता उशीर झाला."

मी म्हटलं, "आणि टेबलवर काही झालं तर?"

"माझी छाती फाडली होती त्यांनी. मी बसलोय ना तुझ्यासमोर?"

"तुला साखर नव्हती नाना."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तुला तरी काय कळतं?"

आम्ही दोघं भाऊबहीण पन्नाशी ओलांडून असे भांडत होतो आणि तू खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होतीस. एकही दाणा बाहेर पडू देत नव्हतीस. शेवटी नाना तुझ्याकडे वळला. "अक्का, तूच सांग. गावाला सांगत आलीस, आता स्वतःचं सांग. कुठं जायचं?"

तू शेंगांचं ताट बाजूला सरकवलंस, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "छबू, तू सांगशी तठे."

नाना उडालाच. "हिला? अगं, हिला साडीचा रंग ठरवता येत नाही दुकानात!"

"तरी तीच सांगेल," तू म्हणालीस, आणि उठून आत गेलीस.

अक्का, त्या वेळी मला वाटलं, आजारपणानं तुझं मन हळवं झालंय. मला वाटलं, तू माझा मान ठेवतेयस. काय काय वाटलं मला! दोन दिवस मी वर्गात फळ्याकडे बघत उभी राहायचे आणि पोरं म्हणायची, "मॅडम, पुढचं लिहा ना." मी डॉक्टरांना विचारलं, मैत्रिणींना विचारलं, मोबाइलवर वाचलं. जितकं विचारलं तितका गुंता वाढला. ज्यांचं माणूस जळगावला बरं झालं ते जळगाव म्हणायचे, ज्यांचं धुळ्याला, ते धुळं. ज्यांचं माणूस गेलं, ते काहीच बोलायचे नाहीत, नुसते मान हलवायचे.

बुधवारी सकाळी रशीदभाईंनी गाडी दारात लावली. तुझी पिशवी मी भरली, दोन्ही फायली घेतल्या. नानाचा फोन चालूच. "मी हॉस्पिटलच्या दारात उभा आहे, निघालात का?" गाडी गल्लीतून हायवेला आली आणि रशीदभाईंनी कडेला घेऊन थांबवली. मागे बघितलं नाही त्यांनी. आरशातही नाही. फक्त विचारलं, "बाई, कोणीकडं?"

ट्रक जात होते दोन्ही बाजूंनी. तू खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होतेस. मला वाटलं, तू काहीतरी खूण करशील. एखादं बोट हलवशील. तुझा चेहरा इतका पिवळा होता आणि इतका शांत. मी म्हटलं, "धुळं."

रशीदभाईंनी गिअर टाकला. तू डोळे उघडले नाहीस, फक्त माझ्या हातावर हात ठेवलास. मी नानाचा फोन बंद केला.

धुळ्याला नळी टाकली. आठव्या दिवसापासून तुझे डोळे पांढरे दिसू लागले. तुकड्याचा रिपोर्ट आला, त्यात कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत असं होतं. मी तिथंच रडायला लागले. जाड चष्म्याचे डॉक्टर म्हणाले, "आढळल्या नाहीत म्हणजे नाहीतच असं नाही. तुकडा कधी बरोबर जागचा येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू." मी अर्धंच वाक्य ऐकलं. नानाला फोन करून तेच अर्धं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं," आणि त्याचा आवाज मला खरंच बरा वाटला, पण त्यात एक शंका होती, तीही मला ऐकू आली.

त्यानंतरचे सात आठवडे, अक्का. ते मला कुणी दिले, ट्रस्टनं, डॉक्टरनं, त्या प्लॅस्टिकच्या नळीनं की नशिबानं, माहीत नाही. तुला भूक लागायला लागली. तू भरीत मागितलंस. डॉक्टरांनी तेल-मिरची बंद केली होती, तर तू म्हणालीस, "भाजलेलं वांगं मऊच असतं, पोटाला काय होतंय?" आणि मी बिनमिरचीचं भरीत केलं, ते तू एक घास खाऊन म्हणालीस, "हे भरीत आजारी आहे माझ्यापेक्षा." आपण दोघी इतक्या हसलो की रशीदभाईंची बायको भिंतीवरून डोकावली. तू ओट्यावर पुन्हा बसायला लागलीस. लोक फायली घेऊन यायला लागले. मात्र आता तू त्यांना लगेच सांगायची नाहीस. "घरी जाऊन सगळ्यांशी बोला," म्हणायचीस. लोक गोंधळून जायचे. मीही.

मग एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. तू अंगणात उन्हाला बसली होतीस. मी तुझ्याजवळ बसून मनातलं विचारलं. "अक्का, तू स्वतः का नाही ठरवलंस? तुला तर सगळं कळत होतं."

मग तू मला ती गोष्ट सांगितलीस, जी बारा वर्षांत कधी सांगितली नव्हतीस. तू उपकेंद्रावर नवीन असतानाची. एका वाडीवरची बाळंतीण, रक्त जात होतं. तिच्या नवऱ्यानं जीप आणली आणि विचारलं, बाई, कोणीकडे? तू जळगाव सांगितलंस, कारण तिथली डॉक्टरीण तुझ्या ओळखीची होती. वाटेत एका ट्रकचा अपघात होऊन रस्ता बंद पडला होता. दोन तास जीप एका जागी उभी. ती बाई तुझ्या मांडीवर गेली, बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या बाजूचा रस्ता मोकळा होता, हे तुला नंतर कळलं.

"तिचा नवरा अजून दिसतो बाजारात," तू म्हणालीस. "अजून नमस्कार करतो. म्हणतो, बाई, तुम्ही होतात म्हणून धीर होता. एकदा तरी त्यानं शिवी द्यायला पाहिजे होती."

तू पुढं म्हणालीस, "त्यानंतर शेकडो लोकांना सांगितलं. किती जणांचं बरोबर झालं ते लोकांना माहीत आहे. किती जणांचं चुकलं ते मला माहीत आहे. स्वतःचं ठरवायला बसले तर प्रत्येक वाटेवर कुणीतरी झोपलेलं दिसायला लागलं. तुला काहीच माहीत नव्हतं. म्हणून तुला सांगितलं."

अक्का, मी तेव्हा चिडले. मला तुझी कीव यायला हवी होती, तुला जवळ घ्यायला हवं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हे इतकं जड असतं हे माहीत असून तू ते माझ्या अंगावर टाकलंस? उद्या काही झालं तर मी काय करायचं?"

तू म्हणालीस, "बस ना, उभी का राहिलीस?"

"नाही बसत."

"बरं, एक सांग. तू धुळं का म्हटलंस?"

मी म्हटलं, "डॉक्टर अनुभवी वाटले." आणि वह्या तपासायच्या आहेत असं सांगून आत गेले.

"बरं," तू मागून म्हणालीस.

संध्याकाळी मी बोलले तुझ्याशी, पण भाजी काय करू, एवढंच. दुसऱ्या दिवशीही तेच. मनात ठरवत होते की शनिवारी सुट्टी आहे, निवांत बसू, नीट बोलू. तिसऱ्या दिवशी सकाळी तुला थंडी वाजून ताप आला. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. रशीदभाईंनी या वेळी गाडी हायवेवर थांबवली नाही, विचारलंही नाही. सरळ धुळ्याकडे वळवली. आता नळी तिथली होती, फाइल तिथली होती. माझं एकदाचं म्हणणं आता रस्त्यासारखं झालं होतं, त्यावरूनच जायचं होतं.

नळी तुंबली होती. पू झाला होता आणि विष रक्तात उतरलं होतं. त्यांनी नळी बदलली, भारी औषधं चालू केली. जाड चष्म्याचे डॉक्टर दिवसातून तीनदा आले. त्यांनी काही कमी केलं असं मला म्हणता येत नाही. तू पहिल्या दिवशी शुद्धीत होतीस आणि नवख्या सिस्टरला शिकवत होतीस. "उजव्या हाताला नको लावू, ती शीर पळते. अशी वरून धर, मग टोच." दुसऱ्या दिवशी तू मला विचारलंस, "शाळेत कळवलंस का?" मी म्हटलं, कळवलं. तेच आपलं शेवटचं बोलणं. इतकं साधं. त्यानंतर तू नुसती माझ्याकडे बघायचीस, आणि मग तेही थांबलं. चौथ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

नाना पोचला तेव्हा तुझ्या तोंडावर चादर होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "जळगावला असती तर..." पुढचं बोलला नाही. मीही विचारलं नाही. ते अर्धं वाक्य आम्ही दोघांनी तुझ्यासोबत गाडीतून घरी आणलं.

परवा मंडपात तो सगळ्यांत मागे बसला. लोक पांगल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "फाइल दे." दोन्ही फायली मी दिल्या. मला कळलं होतं कुठं नेणार ते. तरी दिल्या. मला वाटलं, एकदाचं कळू दे. चूक तर चूक. चूक असली की तिला धरून बसता तरी येतं.

आज सकाळी त्याचा फोन आला. काल तो त्या तरुण डॉक्टरसमोर तासभर बसला होता म्हणे. डॉक्टरनं दोन्ही फोटो पुन्हा लावले, धुळ्याचे कागद एकेक वाचले. मग म्हणाला, "काका, ती गाठच होती का, हेही आता सांगता येणार नाही. मी ऑपरेशन केलं असतं तर कदाचित मावशी असत्या. कदाचित आठवड्यातच गेल्या असत्या, आणि ते सात आठवडेही मिळाले नसते. त्या वेळी मला जे योग्य वाटलं ते मी सांगितलं. त्यांनाही जे योग्य वाटलं ते त्यांनी केलं."

"छबू," नाना म्हणाला, "मला वाटलं होतं तो म्हणेल, तुम्ही बरोबर होतात. मग मी तुझ्यावर ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. आता मी काय करू?" आणि तो रडायला लागला. आपला नाना, अक्का. आई गेली तेव्हा न रडलेला. मी म्हटलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "आधी जेव."

फोन ठेवला आणि तेव्हापासून मी ही वही घेऊन बसलेय. नानाला जे कळायला हवं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. रशीदभाईंना नाही. त्या दुपारी तू विचारलंस तेव्हा तुलाही नाही. मी खोटं बोलले. डॉक्टर अनुभवी वाटले, हे मी तिथल्या तिथं रचलं. मला त्या दोघांतला कोण शहाणा ते आजही सांगता येणार नाही. भूल कोण देतो, रक्त कुठून येतं, तुझे ते तीन प्रश्न, मला त्या सकाळी एकही आठवला नव्हता.

जळगावला त्या हसऱ्या मुलीनं मला सांगितलं होतं, ऑपरेशननंतर पेशंट अतिदक्षता विभागात राहील, नातेवाइकांना सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, तीही काचेबाहेरून. धुळ्याच्या सिस्टरनं सांगितलं होतं, एक बाईमाणूस पेशंटजवळ थांबू शकतं, स्टूल देतो आम्ही. गाडी हायवेला थांबली, रशीदभाईंनी विचारलं, आणि माझ्या डोक्यात फक्त ते स्टूल होतं. तुझ्या पलंगाशेजारचं. काचेच्या अलीकडे उभं राहून तुझ्याकडे बघणं मला झेपलं नसतं. म्हणून मी धुळं म्हटलं. तुझ्या जिवाचा विचार करायला बसले होते आणि स्वतःचा केला.

ते चार दिवस मी त्याच स्टुलावर होते. तुझा हात माझ्या हातात होता, शेवटचा श्वास जाताना माझ्या तळव्याला कळला. हे मला मिळालं. कशाच्या बदल्यात मिळालं, ते मला कोणताही डॉक्टर सांगणार नाही. तू पुन्हा म्हणालीस, छबू, तू सांगशी तठे, तर लाज वाटून जीव जाईल माझा, तरी मला वाटतं, मी धुळंच म्हणेन.